सत्त्याण्णवावा सूर

इफ्तारीला वीस मिनिटे होती. खजूर, कलिंगडाच्या फोडी आणि भजी दस्तरखानावर मांडून झाली होती आणि मी घड्याळाकडे बघत बसले होते. दिवसभराचा रोजा एकीकडे आणि ही शेवटची वीस मिनिटे एकीकडे, हे रोजा धरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. इतक्यात दारात माझा एक जुना विद्यार्थी येऊन उभा राहिला. हातात रुमालाने झाकलेली ताटली, म्हणजे त्यांच्या घरची इफ्तारी. मिरजेतल्या तंतुवाद्ये बनवणाऱ्या घरातला हा मुलगा. आता मुलगा म्हणायचे ते सवयीने, त्याला स्वतःलाच दोन लेकरे आहेत.

"मॅडम, एक ऐकायचं होतं. अकरा मिनिटांचं आहे, अजानीच्या आत होईल."

खरे तर ही वेळ दुआ मागण्याची. पण त्याचा चेहरा बघून मी इयरफोन कानाला लावले. तंबोरा होता. पण आपण गाण्यामागे ऐकतो तसा एकसारखा घुमणारा तंबोरा नव्हे. एक तार वाजायची, तिचा झंकार विरत जायचा, तीनेक सेकंदांनी दुसरी तार. सा. ध. प. पुन्हा प. ना ठेका, ना मुखडा. भूपाचा भास व्हायचा आणि रिषभ न आल्यामुळे मोडायचा. तो समोर बसून बोटांच्या पेरांवर मोजत होता, तसबीह मोजावी तसा. जवळजवळ पाच मिनिटांनी त्याने बोट वर केले.

"हा. इथं चूक आहे. आली ऐकू?"

मला काहीच ऐकू आले नव्हते. उलट तेवढीच एक जागा कानाला बरी वाटली होती. तसे सांगितल्यावर तो म्हणाला, "मलापण तसंच वाटतं. शंभर वेळा ऐकलं असेल."

ती चूक त्याच्या मुलीच्या रक्तातली आहे.

मुलगी आठ वर्षांची आहे. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. जन्मली तेव्हा गुटगुटीत होती, कारण आईच्या पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते आणि जन्मानंतर काही महिने तेच कामाला येते. नंतर शरीराने मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन बनवायला घ्यावे लागते. तिथे गाडी अडली. सहाव्या-सातव्या महिन्यात पोर पांढरी पडू लागली, दूध सोडू लागली, पोट फुगू लागले. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचे. चढवलेल्या रक्तातले लोह शरीराबाहेर जात नाही, ते हृदयात आणि यकृतात साचते, म्हणून ते काढायच्या गोळ्या रोज. आठ वर्षांत किती पिशव्या झाल्या याची तिच्या बापाकडे वही आहे. दुकानाच्या ऑर्डरींची वही आणि ही वही एकाच फळीवर असते.

बायको दुसऱ्यांदा गरोदर राहिली तेव्हा डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांची जनुक तपासणी करायला लावली. त्या अहवालात एक ओळ होती. ती त्याला पाठ आहे आणि एव्हाना मलाही झाली आहे: आयव्हीएस 1-5, जी ते सी. दोघांच्याही रक्तात तीच चूक, आणि मुलीला दोघांकडूनही तीच मिळालेली. नवरा-बायको मावस भावंडे आहेत. पोटातल्या बाळाची बाराव्या आठवड्याच्या सुमारास तपासणी झाली. ते वाचले, म्हणजे त्याच्यात एकच दोष आला. तो मुलगा आज चार वर्षांचा आहे, घर डोक्यावर घेतो.

ही ओळ म्हणजे नेमके काय, हे विचारायला तो माझ्याकडे आला होता. मी भाषा शिकवणारी बाई. मी त्याला आमच्या प्राणिशास्त्र विभागातल्या सहकारी बाईंकडे नेले. त्यांनी फळ्यावर जे समजावले, ते मला समजले तसे सांगते.

आपल्या पेशीत वंशाचा जो मजकूर असतो, तो चारच अक्षरांत लिहिलेला आहे: ए, टी, जी आणि सी. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल. अमिनो आम्लांची माळ ओवली की प्रथिन झाले. हिमोग्लोबिनमधली बीटा नावाची साखळी 146 अमिनो आम्लांची असते आणि तिचा मजकूर सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेसकट 444 अक्षरांचा. पण तो सलग लिहिलेला नाही. 92 अक्षरे झाली की मध्येच 130 अक्षरांचा एक तुकडा येतो, ज्याचे प्रथिन बनत नाही. पेशी मजकुराची नक्कल उतरवून घेते, त्यातला हा तुकडा कापून टाकते आणि दोन्ही टोके सांधते. पुढे आणखी एक असाच, याहून बराच लांब तुकडा आहे. कापायचे कुठून, हे पेशीला कसे कळते? तुकड्याच्या तोंडाशी असलेल्या अक्षरांवरून. पहिला तुकडा जी-टी-टी-जी-जी असा सुरू होतो. या मुलीच्या रक्तात त्यातले पाचवे अक्षर जी नसून सी आहे. पेशीची कात्री तिथे घसरते, आजूबाजूला भलतीकडेच कापते, आणि पुढे सगळी माळ बिघडते. 92 अधिक 5, म्हणजे सुरुवातीपासून 97वे अक्षर. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या ज्या चुका सापडतात, त्यांत हीच सर्वांत जास्त आढळते.

फळ्यावरच्या त्या चार अक्षरांकडे बघत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चारच? तंबोऱ्याच्या तारापण चारच की हो."

मिरजेच्या माणसाला हे सुचावे, यात मला नवल वाटले नाही. या गावात दवाखाने आणि वाद्यांची दुकाने एकमेकांच्या हाकेवर आहेत. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. त्याच खाँसाहेबांनी शंभरएक वर्षांपूर्वी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांबरोबर बावीस श्रुती मोजण्याचा खटाटोप केला होता. एक गवई आणि एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि विषय काय, तर सुराची कंपनसंख्या. मोजणे आणि गाणे या दोन गोष्टींचे आपल्याकडे वैर नव्हते.

जनुकांतून संगीत काढण्याची कल्पनाही नवी नाही. सुसुमु ओनो हे जपानी वंशाचे शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात काम करत. त्यांनी 1986 मध्ये पत्नी मिदोरी यांच्यासह यावर शोधनिबंध लिहिला. डीएनएमध्ये मजकूर सारखा स्वतःची पुनरावृत्ती करत पुढे जातो आणि संगीतही तेच करते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी अक्षरांना स्वर दिले, आणि उलट बाजूने शोपँच्या एका रचनेचे जनुकाच्या अक्षरांत रूपांतरही केले. गंमत अशी की ज्या डीएनएचे प्रथिन बनत नाही त्याला 'जंक', म्हणजे भंगार, हा शब्द 1972 मध्ये रूढ केला तो याच ओनोंनी. पुढे 2007 मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या रिए ताकाहाशी आणि जेफ्री मिलर यांनी वेगळी रीत काढली. त्यांनी अक्षरे सोडून अमिनो आम्लांना स्वरमेळ दिले. वीस आम्लांना वीस स्वर दिले तर पसारा फार होतो, म्हणून सारख्या स्वभावाची आम्ले जोडीने बसवून तेरांवर काम भागवले. हंटिंग्टन नावाच्या मेंदूच्या आजारात एकच आम्ल पुन्हा पुन्हा येत राहते. त्यांच्या संगीतात ते अडकलेल्या तबकडीसारखे ऐकू येते. आजार कानाला कळतो. 2020 मध्ये एमआयटीच्या मार्कस ब्यूलर यांनी करोनाच्या काटेरी प्रथिनाचेही संगीत केले, तेव्हा बातम्या आल्या होत्या.

आमच्या विद्यार्थ्याला आधी ही अमिनो आम्लांची रीत आवडली होती. प्रथिनाचे सूर, ऐकायला भरीव, आणि वाजवायला सतार होतीच. प्राणिशास्त्राच्या बाईंनीच त्याला अडवले. त्या म्हणाल्या, "अरे, त्या पद्धतीनं तुझ्या मुलीचं संगीत केलंस तर ते माझ्या मुलीसारखंच होईल. चूक प्रथिनाच्या शब्दांत नाहीच. ती कापून टाकायच्या तुकड्यात आहे."

हे मला फार लागले. सिकलसेलचे तसे नाही. तो आजार याच जनुकातला. विदर्भात आणि नंदुरबारकडे त्याची हजारो मुले आहेत. त्यात विसावे अक्षर बदलते, ए-चे टी होते, त्याने आम्लही बदलते, आणि कुठल्याही रीतीने वाजवा, ते ऐकू येते. या मुलीचा दोष मात्र अशा जागी आहे, जिथे मजकूर वाचणारे सहसा बघत नाहीत. भंगारात.

मग त्याने अक्षरेच वाजवायची ठरवली. पहिली 92 आणि त्यापुढचा 130 चा तुकडा, एकूण 222. एक तंबोरा बाजूला काढला. नेहमीचे पंचम-षड्ज-षड्ज-खर्ज हे जुळवणे मोडून प्रत्येक तार वेगळ्या स्वराला लावली: ए-ला सा, टी-ला खालचा ध, जी-ला प आणि सी-ला ग. खर्जाची तार इतकी वर चढवली तर तुटते, म्हणून तिथे दुसऱ्या मापाची तार चढवली. जवारी पुन्हा काढली. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने हा उपद्व्याप बघून डोक्याला हात लावला म्हणे.

लय कुठली धरायची, हे ठरायला वेळ लागला. अक्षरांना लय नसते. आधी त्याने झपझप वाजवून पाहिले, तर नुसता किणकिणाट झाला. लय शेवटी मुलीनेच दिली. रक्त चढत असताना ती पडल्या पडल्या नळीतले थेंब मोजते. मिनिटाला वीसच्या आसपास. आठ वर्षांच्या पोरीला तीन-चार तास काय करायला सांगणार? मोबाइल बघून कंटाळा आला की थेंब. बापाने तेच धरले: एका थेंबाला एक अक्षर. गवई लोक अतिविलंबित म्हणतात त्याच्याही पलीकडची ही लय.

आता त्या जागेबद्दल. निरोगी माणसात तुकड्याच्या तोंडाशी प-ध-ध-प-प असे येते. या मुलीत प-ध-ध-प-ग. स्वर जाणणाऱ्यांनी दोन्ही ओळी गुणगुणून बघाव्यात. दुसरी गोड आहे. पंचमावर अडकून राहण्यापेक्षा गंधारावर येऊन टेकणे कानाला हवेसे वाटते. भूप शिकलेल्या पोरालाही ती वळणाची जागा वाटेल. म्हणजे आपल्या कानाचा न्याय आणि पेशीचा न्याय एक नाही. पेशीला गोड-कडू कळत नाही, तिला नेमके तेच अक्षर हवे. एवढ्यासाठी एका लेकराचे हाड पोकळ होते, पानथरी सुजते.

हे काही चुकीचे स्तोत्र नाही. गोडवा ऐकून कोणी मुलांच्या रक्ताच्या तारखा चुकवू नयेत. तो गोडवा मी त्या चार अक्षरांना चार स्वर कसे वाटले त्यातून आला, उलटे वाटले असते तर दुसरे काही ऐकू आले असते, हे त्यालाही माहीत आहे. मी त्याला विचारलेही, की मग या सगळ्याचा उपयोग काय? त्याने खांदे उडवले. म्हणाला, "मॅडम, आठ वर्षं तिचं रक्त म्हणजे काय, तर आकडे. हिमोग्लोबिन किती, फेरिटिन किती. त्या रक्तात दुसरं पण काहीतरी असेल की."

पोरीला ते आवडते. 97वी तार आली की ती "ये मेरा" म्हणते. धाकटा लगेच म्हणतो, "मेरा भी." आणि तेही खरेच आहे, अर्धे.

तिची दादी मात्र नाराज आहे. रमजानात तंबोरा नको, हे तिचे म्हणणे. म्हणून वाजवणे आधीच्या महिन्यातच, शाबानमध्ये आटोपले आणि आता मोबाइलवर, तेही इयरफोन लावून. संगीत चालते की नाही, हा आमच्यातला जुना वाद आहे. जिथे उरुसात गवई रात्र रात्र गातात, त्या गावात तो कधी मिटला नाही आणि मिटेल असे वाटत नाही. दादीशी मी वाद घातला नाही. कारण रमजानच्या बाबतीत दादीची खरी चिंता दुसरीच आहे आणि तिथे ती सोळा आणे बरोबर आहे.

रमजानात रक्त मिळत नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या अशर्‍यात, म्हणजे मधल्या दहा दिवसांत, पोरीची तारीख आली. हिमोग्लोबिन सातच्या खाली. रक्तपेढीत तिच्या गटाची पिशवी नव्हती, दाता आणा म्हणाले. कॉलेजांच्या परीक्षा सुरू, त्यामुळे विद्यार्थ्यांची शिबिरे बंद. भाऊबंद आणि मित्र सगळे रोजेदार, उपाशी माणसाचे रक्त पेढी घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक जण म्हणाला, इफ्तारीनंतर येतो. पण पेढीचे दाते घेण्याचे काम संध्याकाळी बंद होते. शेवटी दुपारी धावून आला तो मंगळवेढ्याकडचा शेतकरी. तंबोऱ्याचे भोपळे घेऊन त्याचा टेम्पो त्याच दिवशी गल्लीत आला होता. भोपळे उतरवायचे राहिले, तो आधी रक्त देऊन आला. त्याच्या बदल्यात पिशवी मिळाली. दादीने त्या वर्षी फित्र्याचे धान्य काढताना त्याच्या नावाने दुआ केली, असे मला तिच्या सुनेने सांगितले.

अनेक जण मला विचारतात, म्हणून इथे लिहिते. रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, पण अशक्तपणा येईल असे काम रोज्यात टाळावे, असे आपल्याकडचे हनफी उलेमा सांगतात. सोपा मार्ग म्हणजे इफ्तारी करून, पोटभर पाणी पिऊन, तरावीहच्या आधी किंवा नंतर देणे. तरावीह ही रमजानातली रात्रीची जादा नमाज, ती आटोपून माणसे तशीही दीड-दोन तास चहाच्या गाड्यांवर असतातच. वय 18 ते 65, वजन 45 किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन व बायकांचे चार महिने झालेले असावेत. साठवलेल्या लाल पेशी 42 दिवस टिकतात. तेव्हा गणेशोत्सवात जमवलेले रक्त रमजानला पुरेल, असे कोणी समजू नये.

आणखी एक गोष्ट या पानावर लिहिणे काहींना रुचणार नाही. भारतात शंभरातल्या तीन-चार माणसांत थॅलेसेमियाचा एक दोष असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, कारण त्यांना काहीच होत नाही. असे दोघे एकत्र आले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक या हिशोबाने आजारी मूल होऊ शकते. सिंधी, लोहाणा, पंजाबी समाजांत हा दोष जास्त दिसतो, आणि आमच्यात नात्यातल्या लग्नांमुळे तो एकमेकांना नेमका गाठतो. खालाजाद, मामूजाद लग्ने शरीयतीने जायज आहेत. पण लग्नाआधी रक्त तपासू नका, असेही शरीयतीने कुठे सांगितलेले नाही. तपासणी साधी आहे, एकदाच करायची, हिमोग्लोबिन ए-टू किती आहे ते बघायचे. मेहेरची रक्कम ठरवायला आमच्याकडे चार-चार बैठका होतात. माझ्या स्वतःच्या भाच्याच्या वेळी मी हा विषय काढला तेव्हा बैठकीतला चहा गार झाला होता. पण तपासणी झाली.

आजारावर कायमचा इलाज म्हणजे जुळणाऱ्या भावंडाचा अस्थिमज्जा. धाकट्याचा जुळला नाही. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने जनुक संपादनाच्या पहिल्या उपचाराला मंजुरी दिली. त्यात ती 97वी चूक दुरुस्त करत नाहीत, तर पोटातल्या बाळाचे ते जुने हिमोग्लोबिन पुन्हा जागे करतात. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. सतारमेकर गल्लीतल्या सगळ्या दुकानांतला माल विकला तरी ती रक्कम उभी राहील असे वाटत नाही. त्याला मी हे सांगितले नव्हते, त्याने मोबाइलवर आधीच वाचलेले होते.

त्या संध्याकाळी अजान झाली. त्याने इयरफोन गुंडाळून खिशात घातले, आम्ही खजूर तोंडात टाकला. ताटलीवरचा रुमाल काढला तर समोशांच्या शेजारी एक समोसा अर्धा खाल्लेला. तो ओशाळला. पोरीला यंदा चिडीरोजा धरायचा होता, दुपारपर्यंतचा. डॉक्टरांनी परवानगी दिली, फक्त रक्ताच्या दिवशी नको म्हणाले. दुपारी रोजा सोडताना दादीची नजर चुकवून तिने तो समोसा उचललेला दिसत होता.

यंदा तिची तारीख 24व्या रोज्याला आहे. गट बी पॉझिटिव्ह. त्याने इफ्तारीनंतर चालू राहणारी रक्तपेढी शोधली आहे, सांगलीला. आतापर्यंत पाच नावे वहीत लिहिली आहेत. पहिले मंगळवेढ्याचे आहे, पण त्या दिवशी टेम्पो या बाजूला येईल की नाही, हे अजून नक्की नाही.